मावशीला विचारा: नवापूरहून किसुमूला निघताना

ह्या महिन्यात आलेली पत्रं आणि व्हॉट्सअॅप जवळजवळ सगळे एकाच विषयावरचे. नवापूर तालुक्यातलं एक कुटुंब, नवरा-बायको आणि दोन मुलं, सेवेसाठी केनियाला किसुमूला निघालंय, त्यांचीच मंडळी, म्हणजे चर्च, त्यांना पाठवतेय. बायकोने लिहिलं, तिच्या सासूबाईंनी वेगळं लिहिलं (सुनेला सांगून की न सांगता ते माहीत नाही, आता कळेलच), मंडळीच्या एका पंचांनी लिहिलं, आणि धुळ्याच्या एका तरुणाने, जो अजून नुसता विचारात आहे. मी नि आमचे हे त्याच बाजूला, व्हिक्टोरिया सरोवराच्या काठी बरीच वर्षं राहून आलोय, म्हणून संपादकांनी सगळा गठ्ठा माझ्याकडे सरकवला. नावं कुणाचीच छापत नाहीये.

मावशी, प्रभूमध्ये सलाम. ह्यांचं बायबल कॉलेज झालंय, तिकडच्या मंडळीने बोलावलंय. इथे सगळे म्हणतात आधी टुरिस्ट म्हणून जाऊन पोचा, कागदपत्रं मग होतात. आणि आपल्या मंडळीची अपेक्षा आहे की तीन महिन्यांत तिथे बायबल स्टडी सुरू झाला पाहिजे. पहिल्यांदा काय करायचं तेच सुचत नाही. – एक बहीण, नवापूर तालुका

"जाऊन पोचा, मग बघू" असं जो सांगतोय त्याला सलाम करा आणि त्याचं ऐकू नका. केनियाने जानेवारी २०२४ पासून व्हिसा बंद करून ईटीए म्हणून ऑनलाइन प्रवास-परवानगी सुरू केलीय, ती मिळते पटकन पण ती फिरायला, भेटायला येणाऱ्यासाठी, त्यावर राहून सेवाकार्य करायचं म्हणजे कायदा मोडून करायचं आणि पकडलं तर नुसते तुम्ही नाही, तुम्हाला बोलावणारी मंडळीही अडचणीत येते. धर्मकार्य आणि समाजकार्यासाठी तिथे वेगळं परमिट आहे, क्लास आय म्हणतात. त्याचा अर्ज बोलावणारी संस्था करते आणि ती स्वतः तिथे रजिस्टर्ड असायला लागते. म्हणून त्यांना आजच विचारा, रजिस्ट्रेशन आहे का, अर्ज टाकलाय का, कुठवर आलाय. लाजू नका, "भाऊ, देव करेल" एवढंच उत्तर आलं तर तिकीट काढू नका. तुमचा आणि मुलांचा डिपेंडंट पास असतो, शाळेत जाणाऱ्या मुलांसाठी पुपिल पास. परमिट झालं की परदेशी माणसाचं ओळखपत्र काढायचं, सगळे त्याला एलियन कार्ड म्हणतात, बँकेत आणि सरकारी ऑफिसात तेच मागतात.

पासपोर्टवर सिम घ्या आणि लगेच एम-पेसा चालू करून घ्या. २००७ पासून तिकडे मोबाईलवरच पैसे चालतात, साध्या बटणाच्या फोनवरसुद्धा, भाजीवालीपासून देवळातल्या अर्पणापर्यंत सगळं त्यावर. आपलं फोनपे तिथे कामाचं नाही.

आता ते तीन महिने. माझं स्पष्ट मत सांगते, पहिलं वर्ष भाषा शिका, घर लावा, मुलं रुळू द्या, आणि उपासनेला जाऊन मागच्या बाकावर बसा. आपल्या खानदेशात स्वीडिश आणि अमेरिकन मिशनरी आले तेव्हा त्यांच्या मिशनने त्यांना थेट खेड्यात प्रचाराला नाही सोडलं, आधी मराठीच्या परीक्षा, मग काम, आणि मग पुढे डोंगरात राहायला गेले त्यांना आपल्या लोकांच्या बोलीही शिकाव्या लागल्या. चिंचपाड्याचं मिशन हॉस्पिटल आज आपल्याला आपलंच वाटतं ते काय तीन महिन्यांत नाही झालेलं. किसुमूत तर अडचण अशी की इंग्रजीत भागून जातं. शहरातल्या शिकलेल्या लोकांना इंग्रजी येतं, बाजारात स्वाहिली, आणि घरात, मयतीत, म्हाताऱ्या माणसांशी धोलुओ, म्हणजे तिथल्या लुओ लोकांची भाषा, आणि स्वाहिली-धोलुओ ह्या दोघींचा एकमेकींशी काही संबंध नाही, एक आली म्हणून दुसरी येत नाही. इंग्रजीत भागतंय म्हणून कित्येक जण तिथेच थांबतात आणि मग वर्षानुवर्षं भाषांतर करणाऱ्या पोराला सोबत घेऊन फिरतात. मी म्हणेन दोघांनीही आधी स्वाहिली, ती जरा तोंडात बसली की धोलुओ. बायबल स्टडी तेव्हा करा जेव्हा शेजारीण स्वतः विचारेल.

मी इथे शिक्षिका होते, माझा स्वतःचा पगार होता, महिला मंडळाची सेक्रेटरी होते. तिकडे ह्यांना काम आहे, मुलांना शाळा आहे. मी तिथे नेमकी कोण असणार? हे कुणाला विचारलं की म्हणतात तू त्यांची मदतनीस, प्रार्थना कर. – तीच बहीण

बाई, तुझं पहिलं पत्र मी एकदा वाचलं, हे परत परत वाचलं.

आधी कायद्याचं सांगते म्हणजे मनात आशा नको. डिपेंडंट पासवर पगारी नोकरी करता येत नाही. शिकवायचं असेल तर वेगळं परमिट लागेल, ते सहज मिळत नाही. म्हणजे पगार जाणार, हे धरूनच चल. आणि मंडळी जो पाठिंबा पाठवते तो नवऱ्याच्या नावावर येतो, रिपोर्ट नवऱ्याच्या नावाने जातो, फोटोत तू चहाचा ट्रे घेऊन. हे बदलायचं असेल तर ते निघायच्या आधीच बदलावं लागतं, नंतर नाही होत. पंचांना सांग की पाठवणीच्या पत्रावर दोघांची नावं पाहिजेत, पाठिंब्यातला एक भाग तुझ्या नावाच्या खात्यात, आणि भाषेच्या क्लासची फी दोघांची. सेवेला दोघं जाताय तर कागदावरही दोघं दिसली पाहिजेत. पंच कुरकुर करतील, करू देत.

केनियात पहिले प्रोटेस्टंट मिशनरी म्हणून ज्यांचं नाव घेतात ते योहान क्राफ १८४४ मध्ये मोंबासाला उतरले तेव्हा त्यांची बायको रोझिना गरोदर होती, काही महिन्यांतच ती आणि नुकती जन्मलेली मुलगी दोघी तापाने गेल्या. क्राफ ह्यांच्याबद्दल तुला बरंच काही वाचायला मिळेल, तिच्याबद्दल एवढंच. म्हणून म्हणते, नाव लिहून घे.

अजून एक गोष्ट आहे जी आपल्याकडे कुणी सांगत नाही. इथे तुम्ही पाड्यावरची आदिवासी माणसं, तालुक्याच्या ऑफिसात तुम्हाला कसं बोलतात ते मला माहीत आहे. तिथे उतरल्या उतरल्या तुम्ही "मुहिंदी" होणार, म्हणजे इंडियन, आणि तिकडच्या माणसाच्या डोळ्यासमोर इंडियन म्हणजे दुकानवाला, मालक, पैसेवाला. १८९६ ते १९०१ मध्ये मोंबासापासून किसुमूपर्यंत रेल्वे झाली, ती बांधायला इंग्रजांनी हिंदुस्थानातून मजूर नेले, मागून व्यापारी गेले, बरेचसे गुजराती, आणि त्यांची दुकानं, गोदामं किसुमूत अजून आहेत. त्यामुळे तुझ्या घरी काम मागायला बायका येतील, फीसाठी पैसे मागायला पोरं येतील, आणि तू म्हणशील आमच्याकडे नाहीत तर त्यांचा विश्वास बसणार नाही. दुसऱ्या बाजूने तिथले इंडियन लोक चांगले वागतात, मदत करतात, पण आडनाव विचारतात, गाव विचारतात, आणि मग जरा गप्प होतात. तुला कळेल मी काय म्हणते ते. नवापूरच्या माणसाला गुजराती येतं, स्टेशनच अर्धं महाराष्ट्रात अर्धं गुजरातमध्ये, त्यामुळे दुकानात तुमचं जमून जाईल, पण त्यांच्यात मिसळून राहिलात तर लुओ शेजारी लांब राहतील, आणि त्यांना टाळलंत तर आजारपणात रात्री गाडी कोण देईल. दोन्हीकडे संबंध ठेवायचे आणि दोन्हीकडे आपण कोण ते न लाजता सांगायचं. "आम्ही शेतकऱ्याची, मजुराची माणसं, आमच्याही गावाला मिशनरी येऊन गेले" हे मी बायकांच्या बैठकीत सांगितलं की बैठक बदलायची, खरंच सांगते, कारण त्यांच्या आज्यांचीही तीच गोष्ट.

आणि आपल्या भागातून तिकडे गेलेली तुम्ही पहिली नाही. गुलामांच्या जहाजांवरून सोडवलेल्या आफ्रिकन मुलांना मिशनने नाशिकला शरणपूरला वाढवलं, शिकवलं, आणि त्यातले विल्यम जोन्स, इश्माएल सेमलर हे १८६४ मध्ये बायकांसकट मोंबासाजवळ राबाईला सेवेला गेले. १८७५ च्या सुमारास मोंबासाला फ्रियर टाऊन ही सोडवलेल्या गुलामांची वस्ती वसली त्यातही नाशिकची बरीच माणसं होती. तिकडे त्यांना "बॉम्बे आफ्रिकन" म्हणायचे. रंगाने तिथले पण कपडे, बोलणं, सवयी इकडच्या, त्यामुळे तिथल्या लोकांना परके आणि गोऱ्या मिशनऱ्यांना बरोबरीचे वाटत नव्हते, पगारावरून मानावरून कुरबुरी झाल्याच. धुळ्याहून नाशिक किती लांब, पण आपल्या देवळांमधून ह्यांचं नाव मी कधी ऐकलं नाही.

तू तिथे कोण, तर पहिलं वर्ष विद्यार्थिनी. रोज दोन तास तुझे भाषेचे, त्या दोन तासांत स्वयंपाक, मुलं, दारावर आलेला माणूस हे सगळं नवऱ्याने बघायचं. हे आत्ताच त्याच्याकडून कबूल करून घे, तिथे गेल्यावर तो बिझी होतो. शिक्षिका आहेस ते वाया जाणार नाही, मंडळीच्या संडे स्कूलला पगार नसतोच. आणि रडू येईल, साधारण तिसऱ्या-चौथ्या महिन्यात, नवलाई संपते तेव्हा. आलं तर विश्वास कमी पडला असं कुणाला म्हणू देऊ नको.

मुलगी पाचवीत, मुलगा पहिलीला जाईल. मराठी शाळेत आहेत दोघं. तिकडे शाळेचं काय? काही जण म्हणतात मिशनऱ्यांच्या बोर्डिंगला टाका. – तीच

तिकडचं शाळेचं वर्ष जानेवारीत सुरू होतं आणि तीन टर्म करून वर्षाच्या शेवटी संपतं. जूनमध्ये गेलात तर मुलं मधल्या टर्मला जाऊन पडतात, भाषा नवीन, मित्र ठरलेले. जमलं तर डिसेंबरच्या आत पोचा आणि जानेवारीत घाला. लहानग्याची मला काळजी नाही, तो नाताळापर्यंत तुमच्यापेक्षा चांगली स्वाहिली बोलेल. मुलीचं अवघड आहे, मराठी माध्यमातून एकदम इंग्रजी, म्हणून निघायच्या आधीचे महिने तिला रोज इंग्रजी वाचायला बसवा.

बोर्डिंग म्हणजे किजाबेची रिफ्ट व्हॅली अकॅडमी म्हणत असतील, १९०६ पासूनची, खास मिशनऱ्यांच्या मुलांसाठी. शाळा नावाजलेली आहे पण अमेरिकन अभ्यासक्रम आणि फी तशीच, आपल्या मंडळीच्या पाठिंब्यात नाही बसत. आणि बसली असती तरी पाचवीतल्या मुलीला लांब ठेवायच्या मी विरुद्ध आहे. आपल्याकडे आलेल्या गोऱ्या मिशनऱ्यांची लेकरंही कोडाईकनालला, मसुरीला असायची, आई-बाप इकडे पाड्यावर, वर्षाची सुट्टी लागली की भेट. त्या लेकरांपैकी एक म्हातारी बाई मला भेटली होती, तिने आईबद्दल एक शब्द वाकडा काढला नाही, पण आईबद्दल फार काही सांगताही आलं नाही तिला. किसुमूतच रोज घरी येता येईल अशी बरी शाळा बघा. परत येऊन इथे दहावी करायचा विचार असेल तर ओपन स्कूलिंगचा पर्याय असतो, परीक्षेचं केंद्र कुठे मिळेल ते आधी बघून ठेवा. घरात मराठी, आणि तुमची बोली, दोन्ही बोलत राहा, आजीशी फोनवर बोलायला मूल अडखळलं की आजीला फार लागतं.

मना पोऱ्या जाई राह्यना. देवना काम शे, मी नही म्हनत नही. पन माले कोन देखी? – साक्री तालुक्यातल्या एक आजी, पुतण्याकडून लिहून घेतलंय

माय, तुमचा प्रश्न बरोबर आहे आणि त्याचं उत्तर मुलाने द्यायच्या आधी मंडळीने द्यायला पाहिजे. पाठवणीच्या उपासनेत सगळे टाळ्या वाजवतात आणि आईच्या बीपीच्या गोळ्या कोण आणणार हे कुणी विचारत नाही. मंडळीने एका माणसाचं नाव सांगावं, मोघम "आम्ही आहोत ना" नको, नाव पाहिजे, जो दर आठवड्याला घरी येईल, दवाखान्यात नेईल, आणि खर्च कुठून होणार ते लिहून ठेवावं. मुलाने अचानक यायचं ठरवलं तर एका तिकिटाचे पैसे बाजूला काढून ठेवलेले असावेत. नैरोबी-मुंबई विमान साधारण सहा तासांचं, पण किसुमूहून नैरोबी, मग मुंबई, मग रात्रीची गाडी धरून पुढे साक्रीपर्यंत म्हणजे दीड-दोन दिवस जातात, हे मनाला आत्ताच सांगून ठेवा.

त्यांचं घड्याळ आपल्या अडीच तास मागे. आपल्याकडे रविवारी दुपारचे दोन वाजले की तिकडे साडेअकरा, अजून उपासनाच चाललेली असते, तिकडची उपासना तीन-चार तास चालते बरं का. म्हणून रात्री आठचा फोन ठरवा. आणि मुलाला सांगा, वर्षा-दोन वर्षांत तुम्हाला एकदा तिकडे न्यावं, पाहुणी म्हणून यायला ते ईटीए पुरतं. माझी सासू आली होती, शेजारच्या लुओ म्हातारीशी तासन्‌तास बोलत बसायची, ही अहिराणीत, ती धोलुओत.

ट्रस्टच्या खात्यातून दर महिन्याला त्यांना पैसे पाठवायचे आहेत. आणि मासिक अहवालात किती सभा, किती लोक, किती बाप्तिस्मे हे यावं असा ठराव झालाय. योग्य आहे ना? – एक पंच

पंचसाहेब, पैशाचं आधी सीएला विचारा, मग ठराव करा. रिझर्व्ह बँकेची ती वर्षाला अडीच लाख डॉलरपर्यंत बाहेर पाठवायची सवलत आहे ना, ती इथे राहणाऱ्या व्यक्तींसाठी आहे, ट्रस्टसाठी नाही. ट्रस्टचा पैसा भारताबाहेरच्या कामावर खर्च केला तर इन्कम टॅक्सची सूट आपोआप मिळत नाही, त्याला सीबीडीटीची, म्हणजे केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाची, वेगळी मंजुरी लागते. एखाद्या महिन्याचे पैसे अडकले तर इथे तुमची फक्त मीटिंग होते, तिथे घरभाडं थकतं. म्हणून निदान तीन महिन्यांचा खर्च त्यांच्या हातात आधी असू द्या. त्यांनीही बँकेला कळवायचं, बाहेर राहायला गेलं की साधं सेव्हिंग खातं एनआरओ, म्हणजे अनिवासी भारतीयाचं खातं, करून घ्यावं लागतं.

आकड्यांचं, नाही, योग्य नाही. आकडे मागितले की आकडे येतात. पहिल्या वर्षीच्या पत्रात भाषा किती आली, शेजारी कोण आहेत, कुणाच्या मयतीला गेले, हे विचारा. लुओ लोकांत मयत हा मोठा कार्यक्रम, दिवसेंदिवस चालतो, लांबून लांबून माणसं येतात, आणि तिथे बसलेल्या माणसाला ते विसरत नाहीत. पण त्या बसण्याचा आकडा तुमच्या तक्त्यात कुठे भरणार? आणि फोटो मागताना त्या मुलांच्या आई-बापाला विचारलंय का ते विचारा. आपल्या पाड्यावरच्या उघड्या पोरांचे फोटो स्वीडनच्या देवळात लागले होते, आपल्याला बरं वाटलं असतं का ते बघून?

मावशी, मी अजून ठरवतोय, पण तिकडे खायचं काय मिळतं, सोबत काय न्यायचं? तब्येतीचं काही? – एक तरुण, धुळे

उगाच घाबरू नको, तिकडे आपलंच सगळं आहे. नागली आणि ज्वारी मुळात आफ्रिकेतूनच आलेली. नागलीला तिथे विंबी म्हणतात, ज्वारीला म्तामा, सकाळी त्याची पातळ पेज पितात, उजी. भाकरी मात्र तुलाच थापावी लागेल, त्यांचं रोजचं म्हणजे मक्याच्या पिठाचा घट्ट उगाळी आणि सुकुमा विकी नावाची पालेभाजी. चपाती मिळते, चपातीच म्हणतात. सरोवराची तिलापिया मस्त, आणि ओमेना म्हणून बारीक सुकवलेली मासळी, अगदी आपल्या सुकटीसारखी, कांदा-टोमॅटो घालून कर. वांगी मिळतात पण भरताचं ते हिरवं जळगावी वांगं विसर. काळा मसाला भरपूर ने, उडदाची डाळ इंडियन दुकानात मिळते त्यामुळे कळण्याच्या भाकरीचं जमेल. चांगला तवा ने. लोणचं नीट पॅक कर, आमच्या वेळी एकांचं फुटलं तर पास्टरांचा कोट वर्षभर वास मारत होता.

तब्येतीचं मात्र गंमतीवारी नेऊ नको. नैरोबी उंचावर, थंड, जुलैत स्वेटर लागतं. किसुमू सरोवराकाठी, गरम, आणि मलेरिया भरपूर. मच्छरदाणी रोज, आणि ताप आला की त्याच दिवशी रक्त तपासायचं, क्रोसिन घेऊन वाट बघायची नाही. जायच्या आधी सिकलसेलची, म्हणजे त्या रक्ताच्या आनुवंशिक आजाराची, टेस्ट करून घे, तू नि बरोबर येणारं प्रत्येक जण. धुळे-नंदुरबारच्या आदिवासी भागात सिकलसेल आहे हे आपल्याला नवं नाही, किसुमूकडेही आहे. नुसता वाहक असेल तर गंभीर मलेरियापासून थोडा बचावच होतो, पण ज्याला आजारच आहे त्याला मलेरिया फार महागात पडतो, अशा मुलाला घेऊन जायचं की नाही हे डॉक्टरांशी बसून ठरवायचं, प्रार्थनासभेत नाही.

आणि यलो फिव्हरची लस. हिची गंमत अशी की भारतातून केनियात शिरताना कुणी विचारत नाही, म्हणून लोक घेत नाहीत, आणि परत येताना मुंबई विमानतळावर अडकतात, कारण केनियातून येणाऱ्याकडे आपलं सरकार ते कार्ड मागतं, नसेल तर सहा दिवसांपर्यंत वेगळं ठेवू शकतात. लस ठराविक सरकारमान्य केंद्रांवरच मिळते, कुठल्याही दवाखान्यात नाही, तारीख घ्यावी लागते, आणि घेतल्यावर दहा दिवसांनी कार्ड लागू होतं, मग जन्मभर चालतं. नऊ महिन्यांच्या आतल्या बाळाला देत नाहीत. कार्ड पासपोर्टच्या कव्हरमध्येच ठेव, मोठ्या बॅगेत टाकलंस तर तपासणीच्या टेबलापाशी उभा असशील आणि बॅग अजून पट्ट्यावर पुढे फिरत असेल.